बदललेली खिडकी आणि आगीतून सुटकेची वाट

घराची डागडुजी काढली म्हणजे पहिली पाळी बहुधा खिडक्यांची येते. जुन्या लाकडी झडपा पावसाळ्यात फुगतात, बिजागऱ्या कुरकुरतात, आणि मग त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या चौकटीतील सरकत्या काचा बसविल्या जातात. त्या वेळी गृहस्थ तीन गोष्टी विचारतो: खर्च किती येईल, पावसाचे पाणी आत येईल काय, आणि रस्त्यावरचा गोंगाट थांबेल काय. रात्री घरास आग लागून दाराची वाट बंद झाली, तर या नव्या खिडकीतून माणसास बाहेर पडता येईल काय, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो पहिला असावयास हवा.

आगीत माणूस जळून मरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ज्वाळा पोहोचण्यापूर्वी पुष्कळदा धूरच त्यास गाठतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या पदार्थांपासून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्यास वास नाही, रंग नाही. आपल्या रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूस २०० पटींहून अधिक आसक्तीने धरून ठेवते. त्यामुळे झोपलेला माणूस जागा न होताच बेशुद्धीत जातो. दिल्लीच्या अनाज मंडी भागात ८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे लागलेल्या आगीत ४३ जण मृत्युमुखी पडले. कारखान्यातच झोपणारे ते कामगार होते, आणि त्यांपैकी बहुतेकांचा अंत गुदमरून झाला.

शिवाय पळण्यास मिळणारा अवधी पूर्वीपेक्षा पुष्कळच घटला आहे. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन प्रकारच्या खोल्या सजवून त्यांना मुद्दाम आग लावून पाहिली. कापूस, लाकूड अशा जुन्या धर्तीच्या सामानाच्या खोलीत सर्व वस्तू एकदम पेट घेण्याच्या अवस्थेपर्यंत पोहोचण्यास अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. फोमच्या गाद्या व कृत्रिम धाग्यांचे कापड असलेली आजची खोली ५ मिनिटांच्या आतच त्या अवस्थेस गेली. आपल्या घरांतील कापसाच्या गाद्या जाऊन फोम आला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयोगाचा आपल्याशी काय संबंध, हे निराळे सांगावयास नको.

यास्तव काही देशांनी शयनगृहाच्या खिडकीस दुसऱ्या दाराचा दर्जा दिला आहे. अमेरिकेत बहुतेक राज्ये ज्या नमुना-संहितेवरून आपले नियम करतात तिचे नाव ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ असे आहे. (नाव आंतरराष्ट्रीय, पण व्यवहार बहुतांशी अमेरिकेतला.) या संहितेत अशा खिडकीस जे नाव आहे त्याचे भाषांतर ‘आपत्कालीन सुटका व बचाव यांसाठी ठेवलेली मोकळीक’ असे करावे लागते. शब्द लांबलचक खरा, पण त्यातील एकही वगळता येत नाही. सुटका आतल्याने स्वतःची करून घ्यावयाची असते आणि बचाव बाहेरून येणाऱ्याने करावयाचा असतो. पाठीवर हवेची नळकांडी बांधलेला अग्निशामक जवान आत शिरू शकेल एवढी जागा म्हणूनच लागते.

संहितेतील मापे अशी: मोकळी उंची निदान २४ इंच, मोकळी रुंदी निदान २० इंच, मोकळे क्षेत्रफळ निदान ५.७ चौरस फूट, आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांहून उंच नको. जमिनीलगतच्या मजल्यावर ५ चौरस फूट चालतात. यात एक गंमत आहे, शाळेतील मुलांनी ती करून पाहावी. २० आणि २४ या दोन किमान मापांचा गुणाकार ४८० चौरस इंच, म्हणजे अवघा ३.३३ चौरस फूट भरतो. म्हणजे दोन्ही किमान मापे पाळणारी खिडकी नापास होते. रुंदी २० इंच ठेवावयाची तर उंची ४१ इंचांहून थोडी अधिक हवी, आणि उंची २४ ठेवली तर रुंदी ३४ इंचांच्या पुढे न्यावी लागते.

खिडकी बदलताना फसगत होते ती येथेच. समजा, जुनी मोकळी जागा २४ इंच रुंद व ३६ इंच उंच आहे. क्षेत्रफळ बरोबर ६ चौरस फूट, म्हणजे पुरेसे. कारागीर जुनी चौकट न काढता तिच्या आतच नवी चौकट बसवितो, कारण त्यात भिंत फोडावी लागत नाही. चारी बाजूंनी केवळ एकेक इंच गेला, तरी २२ बाय ३४ इंच उरतात, आणि क्षेत्रफळ ५.२ चौरस फुटांच्या खाली येते. एक इंच डोळ्यास दिसतही नाही. सरकत्या खिडकीचा दोष याहून मोठा आहे. ३ फूट रुंदीच्या दोन झडपा बाहेर उघडल्या की जवळजवळ सबंध ३ फूट मोकळे होतात. त्याच जागी दोन सरकत्या काचा आल्या की एक दुसरीच्या मागे जाते आणि हाती १८ इंचही येत नाहीत. मग उंची ४ फूट असली तरी अमेरिकन माप पुरे होत नाही.

एवढे काटेकोर नियम करणाऱ्या या संहितेने अलीकडच्या आवृत्त्यांत बदललेल्या खिडक्यांना मात्र सूट दिली आहे. जुन्या चौकटीत मावणारी, उत्पादकाकडील सर्वांत मोठी प्रमाणित खिडकी बसविली आणि ती जुन्याच पद्धतीने वा तितकीच मोकळी उघडत असली, तर वरील मापे लागू होत नाहीत. भिंत फोडण्याच्या खर्चाला भिऊन लोकांनी मोडक्या खिडक्याच ठेवू नयेत, हा त्यामागील हेतू असावा. हेतू समजण्यासारखा आहे, पण मला ही सूट पटत नाही. उत्पादकाने कोणती मापे प्रमाणित ठरवावीत, यावर माणसाच्या सुटकेची वाट अवलंबून राहावी, हे विचित्र आहे.

इंग्लंडमधील मार्गदर्शन मला अधिक सरळ वाटते. तेथे ०.३३ चौरस मीटर मोकळी जागा, कोणतीही बाजू ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नाही, आणि खालची कड जमिनीपासून ११०० मिलिमीटरपर्यंत, अशी मापे आहेत. खिडकी बदलताना सुटकेची शक्यता पूर्वीपेक्षा घटता कामा नये, असे तेथील तत्त्व आहे. त्याच देशात खिडकी बदलण्याचे काम निष्काळजीपणे झाले म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. नूतनीकरणात बसविलेल्या खिडकीची प्लॅस्टिकची कड उष्णतेने कोलमडली आणि स्वयंपाकघरातील आग बहुधा तेथूनच बाहेरच्या ज्वालाग्राही आवरणात शिरली, असा निष्कर्ष चौकशीच्या २०१९ च्या अहवालात आहे.

आपल्याकडे प्रश्न काचेपाशी थांबत नाही, कारण काचेच्या पुढे लोखंड आहे. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर, कोणत्याही शहरात मान वर करून पाहावे. खिडकीबाहेर पेटीसारखी जाळी, तीत तुळशीची कुंडी, वाळत घातलेले कपडे आणि वापरात नसलेले सामान. भिंतीत पक्क्या रोवलेल्या या जाळीस आतून उघडणारा भागच पुष्कळदा नसतो. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग अग्नि व जीवितसुरक्षेस वाहिलेला आहे; परंतु जाळी बसवून घेताना संहिता उघडून पाहणारा गृहस्थ विरळा. जवान शिडी लावून वर आले तरी त्यांना आधी गज कापावे लागतात, आणि वर सांगितलेली पाच मिनिटे त्यातच सरतात.

चोराचे काय, लहान मूल पडले तर काय, असे कोणी विचारील. दोन्ही शंका रास्त आहेत, आणि जाळी काढून टाका, असे मी म्हणत नाही. प्रत्येक शयनगृहाच्या जाळीत बिजागरीवर उघडणारी, माणूस सहज निघेल एवढी एक झडप ठेवावी, आणि तिची कडी मुलाच्या हातास न लागेल पण मोठ्यांना अंधारात चाचपून उघडता येईल अशा उंचीवर असावी. अमेरिकन संहितेतही गजांना मज्जाव नाही. ते किल्लीवाचून व हत्यारावाचून आतून उघडले पाहिजेत, एवढीच अट आहे. आपले लोक कडीस कुलूप घालतात आणि किल्ली स्वयंपाकघरातील खुंटीवर ठेवतात. धूर भरलेल्या घरात त्या खुंटीपर्यंत कोण जाणार?

उंच मजल्यांविषयी खोटी आशा दाखविणे योग्य नव्हे. दहाव्या मजल्यावरून खिडकीवाटे कोणी सुटत नाही. तेथे जिना हीच वाट, आणि तो सायकली व जुन्या कपाटांपासून मोकळा असणे महत्त्वाचे. इंग्लंडमध्येही सुटकेची खिडकी जमिनीपासून साडेचार मीटरपर्यंतच्या मजल्यांसाठीच गृहीत धरली आहे. पण चाळी, बंगल्या आणि तीनचार मजली जुन्या इमारती आपल्याकडे अगणित आहेत, आणि तेथवर शिडी पोहोचते. अशा इमारतीत खिडक्या बदलावयाच्या असतील तर काम सांगण्यापूर्वी जुनी मोकळी जागा फूटपट्टीने मोजून कागदावर लिहावी आणि नवीचे मोकळे माप कारागिराकडून लिहूनच घ्यावे. नुसते चौकटीचे माप तो सांगेल, ते पुरत नाही. जाळीची झडप झाली म्हणजे घरातील प्रत्येकाने ती एकदा उघडून पाहावी, आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तिच्या कडीस तेल द्यावे, कारण आपल्या दमट हवेत लोखंड एका हंगामातच घट्ट बसते.