अंगठ्याची किंमत

प्रगतिपुस्तकावर सही करण्यास आलेल्या एका पालकांनी लेखणी डाव्या हातात धरली, तेव्हा आम्ही सहज विचारले, "आपण डावखुरे काय?" त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा मुळापासून नव्हता. येथील उद्यमबागेत ओतकामाच्या कडा घासताना ग्राइंडरने तो नेला होता. "माझंच लक्ष नव्हतं, सर," ते म्हणाले.

हे शेवटचे वाक्य आम्हांस मान्य नाही. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. म्हणजे तिच्या काठाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. ती फटीत अडकली की यंत्र उलट उसळते. त्या निमिषात लक्ष असूनही मनुष्य काय करणार? म्हणून तर यंत्राबरोबर गार्ड दिलेला असतो. तो काढतात, कारण कोपऱ्यात चकती पोचत नाही, मजुरी नगावर असते, आणि मोठ्या यंत्राची उरलेली चकती गार्डसह मावत नाही. सात इंची चकतीवर बहुधा ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ती लहान यंत्रावर चढविली म्हणजे फुटून तुकडे तोंडावर येण्याचे भय. चकत्यांची ही काटकसर मजूर करीत नाही, एवढे ध्यानात घ्यावे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात यंत्रांस आवरण व डोळ्यांस संरक्षण देण्याची तरतूद होती; परंतु चार माणसांची शेड सामान्यतः त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याने मात्र कमाईच्या शक्तीतील घट चोख मांडली होती: एक डोळा ४० टक्के, अंगठा ३०, तर्जनी १४. सदऱ्याची गुंडी लावणे, भाताचा घास घेणे, नातवाचे बोट धरणे, यांचे टक्के त्यात नाहीत.

विद्यार्थिमित्रहो, मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी काही जण काकामामांच्या शेडमध्ये 'जरा हात लावायला' जातात. वडीलधाऱ्यांनी हे यंत्र मुलांच्या हाती देऊच नये. आणि "गार्ड कुठे आहे?" असे मुलाने विचारले, तर तो उद्धटपणा समजू नये.

ते पालक आजही त्याच शेडमध्ये कामास आहेत. गेल्या खंडेनवमीस त्यांच्या आग्रहावरून आम्ही तेथे प्रसादास गेलो होतो. ग्राइंडरला झेंडूची माळ घातली होती. गार्ड भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता; त्यालाही कोणी भक्तिभावाने हळदकुंकू वाहिले होते.