खोकं नको, मेंटेनन्सवाला द्या

चाकणच्या एखाद्या बॉडी शॉपमध्ये वेल्डिंगचा रोबो अडला की लाइन थांबते, सुपरवायझर घड्याळाकडे बघतो आणि पहिली हाक मेंटेनन्सला जाते. ज्या कंपनीने रोबो विकला तिचा तज्ज्ञ तेव्हा जर्मनीत किंवा जपानात घोरत असतो. माझी उभी नोकरी ही हाक ऐकण्यात गेली. त्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या शाळांमध्ये मुलांना रोबो शिकवायची जी लाट आली आहे, तिच्याबद्दल माझा पहिला प्रश्न खास मेंटेनन्सवाल्याचा आहे: बंद पडल्यावर कोणाला बोलावणार?

प्रश्न कुजकट वाटेल, पण पैसा कमी नाही म्हणूनच विचारतोय. केंद्राची अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ पासून चालू आहे. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, त्यातले दहा लॅब उभारायला आणि दहा पाच वर्षं चालवायला. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजार लॅब जाहीर झाल्या. शिवाय आपल्याकडे कंपन्यांना तोटा नाही आणि त्यांच्या सीएसआरलाही. फीत कापली जाते, खोकी येतात, फोटो निघतो. (खोकी म्हणजे पुठ्ठ्याची. हल्ली खुलासा करावा लागतो.)

अशाच एका शाळेत मला एकदा बोलावलं होतं. लॅबच्या खोलीला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. काळ्या पट्टीवरून चालणाऱ्या गाड्या कपाटात रांगेने मांडलेल्या. बाई म्हणाल्या, ‘‘किट खराब निघालं, दुपारच्या वर्गात गाडी वेड्यासारखी फिरते.’’ खिडकीतून ऊन आत येत होतं, तिथेच उत्तर होतं. गाडीच्या पोटाखालचा सेन्सर इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. पांढरा कागद तो परत फेकतो, काळी पट्टी गिळते, या फरकावर गाडी वळते. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतो, म्हणून ऊन पडलं की सेन्सरला काळंसुद्धा पांढरंच दिसतं. बाजूने पुठ्ठ्याचा आडोसा लावला, सेन्सरवरचा निळा प्रीसेट बारक्या स्क्रूड्रायव्हरने जरासा फिरवला, गाडी चालू. किटबरोबरच्या पुस्तिकेत यातलं अक्षर नव्हतं. बाईंना मी कशाला दोष देऊ? त्या गणित शिकवतात, मतदार याद्या करतात, त्यावर त्यांच्या गळ्यात रोबोटिक्स घातलं, तेही दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर.

हा आडोसा लावणारा माणूस या शहरात गल्लोगल्ली सापडतो. भोसरी, चिखली, मोशी, कासारवाडी, कुठल्याही सोसायटीत चार दारं वाजवा. एक जण पीएलसीचा प्रोग्रॅम वाचणारा निघेल, एक पॅनेल वायरिंगवाला, एक फिक्स्चर बनवणारा टूलरूमवाला. चिंचवडच्या ‘टाल’ने २०१७ मध्ये ‘ब्राबो’ नावाचा देशी औद्योगिक रोबो बाजारात आणला. बजाजच्या कारखान्यांत माणसांच्या शेजारी उभे राहून काम करणारे रोबो २०१० पासून आहेत. हे सगळं चालतं ठेवणारी माणसं आपले शेजारी आहेत. पण त्यांच्याकडे बी.एड. नाही, म्हणून शाळेचं फाटक त्यांना फक्त पालकसभेला उघडतं.

मी रविवारी काही मुलांना घेऊन बसतो. क्लास म्हणत नाही, फीही घेत नाही, मुलं मला काका म्हणतात. सामान बहुतेक भंगारातलं. कुदळवाडीची भंगाराची गोदामं होती तोवर किलोवर लिमिट स्विच, रिले, पुश बटणं मिळायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने ती पाडली. बांधकामं अनधिकृत होती आणि आगीही लागायच्या, त्यावर वाद घालत नाही. माझी प्रयोगशाळा मात्र तिथेच होती.

तर अशाच भंगारातली दोन पुश बटणं एका रविवारी टेबलावर ठेवली. पॉवर प्रेसला अशी दोन असतात, दोन्ही हातांनी दाबायची. हात डायखाली राहिला तर प्रेस पडू नये, म्हणून ही सोय. विचारलं तर तीन-चार जण एकदम ओरडले, ‘‘आमच्या पप्पांच्या प्रेसलापण आहेत!’’ मग पुठ्ठ्याचा प्रेस केला, तो खाली-वर करायला छोटी सर्व्हो मोटर आणि डोकं म्हणून अर्डुइनो. प्रोग्रॅम सोपा होता: डावं दाबलेलं असेल आणि उजवंही दाबलेलं असेल, तर प्रेस खाली. पहिल्या झटक्यात चालला. मुलं खूश.

तेवढ्यात सहावीतल्या एका मुलीने डावं बटण रबरबँडने बांधून टाकलं आणि एकाच हाताने धडाधड प्रेस पाडायला लागली. म्हणाली, ‘‘काका, पप्पा सांगतात, काही जण असंच करतात. पीस जास्त निघतात.’’

क्षणभर काय बोलावं ते सुचेना. मग इतकंच विचारलं, ‘‘बटण बांधलंय हे मशीनला कसं कळेल?’’ नंतरची सगळी सकाळ त्यातच गेली. एक म्हणाला, दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस पडला पाहिजे. एकदम म्हणजे किती? हातांनी दाबून बघितलं तर दोन्ही बटणं अगदी एका क्षणी कोणाचीच लागेनात. दोन सेकंदांची मुभा दिली, तर त्या मुलीने तेवढ्यात एका हाताने दोन्ही दाबून दाखवली. कमी करत करत मुलं अर्ध्या सेकंदावर आली. पुढे कोणीतरी म्हणालं की, दरवेळी दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक द्यायचाच नाही. रबरबँड तिथे हरला. बाजारात दोन हातांच्या बटणांसाठी जो सेफ्टी रिले मिळतो, तो नेमकं हेच करतो: अर्ध्या सेकंदाच्या आत दोन्ही बटणं, आणि दोन्ही सुटल्याशिवाय पुढचा ठोका नाही. मुलांना हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

याला रोबो म्हणायचं का, असं एका पालकाने विचारलं. बाहेरचं काही जाणवतं, त्यावरून निर्णय होतो, निर्णयावरून काहीतरी हलतं. आणखी काय हवं? चाकं आणि लुकलुकणारे डोळे असले की फोटो बरा येतो, हे कबूल.

सीमोर पेपर्ट नावाच्या गणितज्ञाने १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा केली. त्या भाषेतल्या आज्ञांवर जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव पुढे आलं. कासव चुकलं की कुठे चुकलं ते मुलानेच हुडकायचं, पेपर्ट यांचा सगळा जोर त्यावर होता. आमच्या धंद्यात यालाच फॉल्ट काढणं म्हणतात. मल्टिमीटर घेऊन आधी सप्लाय बघ, मग कनेक्शन, मग सेन्सर, प्रोग्रॅमवर शंका सगळ्यात शेवटी. हा क्रम अंगात मुरायला वर्षं लागतात. जी गाडी कधी बिघडतच नाही तिच्यावर तो शिकवता येत नाही. म्हणून माझं म्हणणं, किट देताना त्यातली एक वायर मुद्दाम तोडून द्यावी.

शाळेबाहेरचा माणूस शाळेत आणायची कल्पना माझी नाही. चाकणहून तासाभरावर पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य अशी हाताची कामं करतात. शिकवायला गावातलेच हुन्नर असलेले लोक. याच पाबळमध्ये २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली. आणि अरविंद गुप्ता? आयआयटीतून टेल्कोत आले, ट्रकवर काम केलं, १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व काड्यापेटीच्या काड्या घेऊन मुलांना भूमिती शिकवायला लागले. पुढे आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका, २०१८ मध्ये पद्मश्री. मेंटेनन्समध्ये असे छोटे-मोठे अरविंद गुप्ता बरेच असतील, त्यांना कोणी विचारलेलं नाही.

न विचारण्यामागे हिशेबाचंही कारण आहे. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. किट घेतली की ती त्यात धरली जातात. कर्मचाऱ्याने शाळेत दिलेला वेळ पैशात मोजून त्या खर्चात दाखवता येत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. मग खोकी येणारच. कर्मचाऱ्याचा फुकटचा वेळ खर्चात दाखवून पळवाट निघेल, ही सरकारची भीती मी समजू शकतो. पण निवृत्त कामगाराला एखाद्या संस्थेच्या प्रकल्पातून तासावर मानधन द्यायला कोणाची आडकाठी आहे? नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, स्थानिक कारागिरांकडे शिकायला. सुतार, माळी, कुंभार यांची नावं धोरणात आहेत. आमच्या शहरातला कारागीर खिशात टेस्टर घेऊन फिरतो, एवढा फरक महापालिकेच्या शिक्षण विभागाने करून घ्यावा.

एक जाता जाता. ‘कोडिंग शिका नाहीतर मागे पडाल’ असं घाबरवून लॉकडाउनमध्ये क्लास विकले गेले. त्या भीतीने कोणी पोराला आमच्याकडे आणलं तर मी परत पाठवतो. बारा वर्षांच्या मुलाला पॅकेजची काळजी कशाला?

माणसं कुठून आणि कधी मिळतील, असं एका अधिकाऱ्यांनी मला विचारलं. पहिल्या पाळीची बस साडेतीन-चारला माणसं घराजवळ सोडते. कितीतरी शाळा पाचनंतर सुटतात. आठवड्यातून एकदा शेवटचे दोन तास द्या, पोलिस पडताळणी करून घ्या, शेजारी वर्गशिक्षिका बसू द्या, आणि लॅबच्या कुलपाची एक किल्ली त्या माणसाकडेही असू द्या.