पावसची खिचडी आणि फुकटची कृपा

मागच्या वीकएंडला पावसला जाऊन आलो. पावस म्हणजे रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटरवरचं, भाट्याचा पूल ओलांडून गोळपवरून जावं लागतं ते, स्वामी स्वरूपानंदांचं पावस. ऑफिसमध्ये "पावसला चाललोय" म्हटल्यावर तीन जणांनी "फेब्रुवारीत कुठला पाऊस?" हा एकच विनोद केला. असो.

आता तुम्ही म्हणाल, तू वसईचा कॅथलिक, तुझं पावसला काय काम? काम काहीच नव्हतं. टीममधल्या मित्राचं घर तिथं आहे, हापूसला मोहोर आलाय, चल म्हणाला, गेलो. शनिवारी सकाळी त्याच्या आईबरोबर मठात गेलो. काकू रोज जातात. स्वामी पावसचेच, 1903 चा जन्म, मूळ नाव रामचंद्र विष्णु गोडबोले. आयुष्याची शेवटची चाळीस वर्षं 'अनंत निवास' नावाच्या घरातल्या एका खोलीत काढली आणि 1974 मध्ये देह ठेवला. फार कुठे फिरले नाहीत, सभा घेतल्या नाहीत. ज्ञानेश्वरी आजच्या माणसाला समजावी म्हणून ती अभंगात आणली, तीही त्याच गावात बसून. आमच्याकडे लोक पंधरा दिवसांत लिंक्डइनवर गुरू होतात, त्यांनी जरा बघावं.

दुपारी प्रसादाची खिचडी. गरम, मऊ, सोबत लोणचं. रांगेत एक शाळेची सहल, एक मुंबईचं जोडपं, दोन ट्रकवाले आणि मी. जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, नावसुद्धा विचारलं नाही. मी आपला सवयीप्रमाणे खिशातून मोबाईल काढला आणि पैसे कुठे द्यायचे ते शोधायला लागलो. काकू म्हणाल्या, "अरे, प्रसादाचे पैसे नसतात. जेव मुकाट्याने."

जेवलो. पण चैन पडेना. फुकट खाल्लं की पोटात काहीतरी अडकतं ना, तसं. म्हणून ताट घेऊन नळावर गेलो आणि चांगलं घासूनपुसून विसळलं. शेजारच्या आजोबांचंही विसळलं. परत येऊन काकूंना जरा ऐटीतच म्हटलं, "चला, हिशोब झाला!"

काकू हसल्या. "वेडा की काय तू? ताट विसळल्याने जेवणाचे पैसे फिटतात होय? ते प्रसादाचं ताट आहे म्हणून विसळायचं."

काकूंना हे माहीत नसणार, पण या एका वाक्यावरून युरोपात शे-सव्वाशे वर्षं रक्त सांडलं आहे.

थोडं सांगतो, कंटाळू नका. आमच्या धर्मात तारण ही देवाची देणगी आहे. देणगी म्हणजे खरंच देणगी, मेहनताना नव्हे. मग माणसाच्या सत्कर्मांचं काय? दानधर्म, उपास, जपमाळ हे सगळं कशासाठी? सोळाव्या शतकात लूथर म्हणाला, माणूस केवळ विश्वासाने, केवळ कृपेने नीतिमान ठरतो, कर्मांनी नाही. कॅथलिक चर्चने 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिलं की सुरुवात कृपेचीच, पण माणूस म्हणजे काही दगड नाही, त्याने त्या कृपेला होकार द्यायचा असतो, तिच्या बरोबरीनं चालायचं असतं. मग फाटाफूट, युद्धं, सगळं. आणि शेवटी 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत ऑग्सबर्ग इथं कॅथलिक आणि लूथरन दोघांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याचा मथितार्थ असा की देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या लायकीमुळे नाही, कृपेने. आणि ती कृपा मिळाली की माणसाच्या हातून सत्कर्म घडतात, घडायला हवीत. म्हणजे जेवण फुकट, आणि ताट प्रसादाचं म्हणून विसळायचं. साडेचारशे वर्षं लागली. काकूंना नळापासून ओसरीपर्यंत यायचा वेळ लागला.

हा वाद आपल्याकडेही झालेला आहे बरं का. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत दोन पक्ष पडले. एक म्हणतात, माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं, तसं भक्ताने देवाला धरायचं. दुसरे म्हणतात, मांजर आपल्या पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लाने काही करायचं नसतं. माझ्या मते कॅथलिक माणूस हे मांजरीचंच पिल्लू आहे, फक्त हातपाय झाडून निसटायची मुभा असलेलं. आणि आपण दिवसभरात किती वेळा निसटतो ते आपलं आपल्याला ठाऊक असतं.

हे सगळं पुस्तकात ठीक आहे. प्रत्यक्षात आम्ही, म्हणजे मी आणि माझ्यासारखे पगारदार, देवाशी अप्रेझलच्या भाषेत बोलतो. माहीमच्या चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना चालतो. अफाट गर्दी असते, सगळ्या धर्मांचे लोक असतात आणि त्यात खूप खरी श्रद्धा असते, ती मी नाकारत नाही. पण मी स्वतः तिथे सलग नऊ बुधवार गेलो होतो ते कशासाठी? ऑनसाइटसाठी. नऊ झाले, व्हिसा नाही आला, तर मला देवाचा राग आला. जणू त्याने एसएलए मोडला! लेंटमध्ये चहा सोडतो आणि चाळीस दिवस सगळ्या ऑफिसला सांगत फिरतो. बांद्र्याच्या मोत माऊलीला मेणाचं घर वाहतो ते कर्ज मंजूर व्हावं म्हणून. म्हणजे वर कुणीतरी एक्सेल शीट उघडून बसलाय आणि आपण त्यात ओळी भरतोय.

गंमत म्हणजे आमचे विधी याच्या अगदी उलट सांगतात, आम्हीच लक्ष देत नाही. बाप्तिस्मा घ्या. मी एक महिन्याचा होतो आणि आईच्या सांगण्यानुसार पूर्ण वेळ झोपलेलो होतो, पाणी पडल्यावर तेवढा रडलो. काय माझी लायकी, काय माझं योगदान? किंवा पापनिवेदन घ्या. फादर आधी क्षमेचे शब्द उच्चारतात, आणि प्रायश्चित्त म्हणून जी काय 'नमो मरिया' सांगितलेली असते ती आपण नंतर बाकावर जाऊन म्हणतो. आधी क्षमा, मग प्रायश्चित्त. जेवण आधी, ताट नंतर. क्षमा त्या तीन प्रार्थनांनी विकत मिळाली असती तर क्रम उलटा नसता का?

आणि मिस्सा. तिचं जुनं ग्रीक नाव युखारिस्तिया, म्हणजे आभार मानणं. आणि 'मिस्सा' हा शब्द आला तो शेवटच्या लॅटिन निरोपातून, ज्यात लोकांना "जा आता" असं सांगतात. म्हणजे एका विधीची दोन नावं, एक म्हणतं धन्यवाद आणि दुसरं म्हणतं निघा कामाला. आमच्या वसईत लोक दुसऱ्या नावाला फार जागतात, शेवटचं गाणं संपायच्या आत पार्किंगमध्ये असतात. मीही.

माझं मत सरळ आहे. देणगीची परतफेड करायला जाणं हा देणाऱ्याचा अपमान आहे, आणि देणगी घेऊन जसंच्या तसं राहणं हा देणगीचा. मधली वाट आभाराची. पण आभार हे तोंडाने मानायचं काम नाही.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. लिनक्स फुकट मिळतं. कुणी बिल पाठवत नाही. पण त्याचं जीपीएल लायसन्स म्हणतं की तू यात बदल करून ते पुढे वाटणार असशील तर तुला मिळालं तसंच, सोर्ससकट, मोकळं करून दे. मिळालेलं अडवून धरायचं नाही. आता लायसन्समागे कोर्ट आहे, कृपेमागे कोर्ट नाही, तेव्हा उदाहरण फार ताणत नाही. पण दिशा तीच आहे. परतफेड देणाऱ्याकडे नाही जात, पुढच्याकडे जाते. स्वरूपानंदांनी ज्ञानेश्वरी वाचली आणि ती सोपी करून पुढे दिली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा माणूस, 1579 मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि 1616 मध्ये जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण छापून मोकळा झाला. नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या छंदात गाता यावं म्हणून. (मला एका पानाचं डॉक्युमेंटेशन लिहायला तीन स्प्रिंट लागतात.)

पण सगळ्यांनी ओव्या लिहायच्या नसतात. पोप फ्रान्सिस यांनी 2018 च्या आपल्या पत्रात पावित्र्याचं जे उदाहरण दिलं ते बाजारात गेलेल्या बाईचं आहे. शेजारीण भेटते, गप्पा सुरू होतात, कुणाची तरी निंदा सुरू होते, आणि ती मनात ठरवते की मी यात नाही. घरी येते, दमलेली असते, पोराला बोलायचं असतं, ती बसून ऐकते. बस, इतकंच. संतपदाची पायरी म्हणून पोपला हे दाखवावंसं वाटलं. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. तिथपर्यंत आपली मजल नाही, पण चहाच्या टपरीवर मॅनेजरची निंदा ऐन रंगात आली असताना गप्प बसून बघा. क्रूस म्हणजे काय ते थोडं कळतं.

इथपर्यंत लिहायला मजा आली. आता अवघड भाग.

मत्तयच्या शुभवर्तमानात एका चाकराची गोष्ट आहे. त्याच्यावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज असतं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिवसांची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवस, म्हणजे एक लाख चौसष्ट हजार वर्षं, सुटी न घेता. राजा सगळं माफ करतो. तो बाहेर पडतो आणि त्याला भेटतो दुसरा चाकर, ज्याच्याकडून याला शंभर दिनार, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, येणं असतं. हा त्याचा गळा धरतो. गुणोत्तर सहा लाखास एक. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय आणि प्रत्येक वेळी त्या चाकराचा मला संताप येतो.

माझा थोरला भाऊ आणि मी दोन वर्षं बोलत नाही. बाबा गेल्यावर वाडीची वाटणी झाली, त्यात विहिरीकडची दीड गुंठा जागा त्याने आपल्याकडे धरली. माझ्या मते माझी होती, अजूनही माझीच आहे. नकाशा माझ्याकडे आहे, मोजणी माझ्या बाजूने आहे, वकील म्हणतो केस पक्की आहे. दर रविवारी आम्ही एकाच चर्चमध्ये जातो. शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली की मी उजवीकडे वळतो, तो डावीकडे. त्याच गॉस्पेलमध्ये येशूने स्पष्ट सांगितलंय की वेदीपाशी आल्यावर भाऊ नाराज आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. हे वाचन असतं त्या रविवारी मला हमखास प्रॉडक्शन सपोर्ट असतो.

पावसला त्या नळावर दुसऱ्या माणसाचं ताट विसळताना मला हे का आठवलं, सांगता येत नाही. कदाचित काकूंनी वेडा म्हटलं म्हणून. भाऊही तसंच म्हणायचा.

एक खुलासा करतो. क्षमा म्हणजे जागा सोडणं असं मी मानत नाही. न्याय हाही देवाचाच आहे, आणि आमच्या समाजात 'जाऊ दे रे, भाऊ आहे' म्हणून बहिणींच्या, धाकट्यांच्या जमिनी कशा गेल्या ते मी पाहिलंय. कृपेच्या नावाखाली कुणाला गप्प बसवायचं असेल तर त्याला माझा विरोध आहे. दावा चालायचा तर चालेल. प्रश्न दीड गुंठ्याचा नाही. प्रश्न असा आहे की आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर भावाच्या मुलीने मला "काका" म्हणून हाक मारली आणि मी ऐकू आलं नाही असं केलं. ती नऊ वर्षांची आहे. तिचा त्या विहिरीशी काय संबंध?

निघताना पावसमधून आंबापोळी घेतली, दोन पाकिटं. काकूंनी विचारलं, "दुसरं कुणाला?" म्हटलं, "पुतणीला." त्या पुढे काही बोलल्या नाहीत, फक्त फणसपोळीचं एक आणखी पिशवीत टाकलं आणि पैसे घेऊ दिले नाहीत.

काल वसईला गेलो होतो. भाऊ घरी नव्हता, किंवा असेलही, बाहेर आला नाही. वहिनीने दार उघडलं, पाणी विचारलं. पोरीने पिशवी घेतली आणि तिथंच पाकीट फोडून अर्धी पोळी मला दिली. बसलो पाच मिनिटं. भावाचा फोन आलेला नाही. वकिलाची तारीख बुधवारी आहे.