बॅटरी मणक्यात, सराव कुठे?

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणारा हमाल असो, की पेठ-सुरगाण्याहून येऊन द्राक्षबागेत दिवसभर मान वर करून विरळणी करणारी बाई. 'मणक्यात गॅप आलाय' हे वाक्य या पट्ट्यात कुणाच्याही तोंडी ऐकू येते. शिवाय मुंबई-आग्रा महामार्ग गावाला खेटूनच जातो. भारतात मज्जारज्जूच्या दुखापतींची दोन मोठी कारणे म्हणजे उंचावरून पडणे आणि रस्त्यावरचे अपघात. इथे दोन्हींना भरपूर वाव आहे.

पाठीत बॅटरी बसवून लुळा माणूस चालला, अशी बातमी आली की कंबरदुखीवाला आणि पाय गेलेला, दोघेही आशेला लागतात. पण त्या दोघांना एकच उत्तर देता येत नाही.

आधी दुखण्याचे. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच अडवता येतात, असा सिद्धान्त मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडला. दोनच वर्षांनी अमेरिकेत नॉर्मन शिली यांनी कर्करोगाच्या रुग्णाला मज्जारज्जूला वीज देणारे पहिले यंत्र बसवले. मज्जारज्जूच्या आवरणावर तारा आणि कातडीखाली बॅटरी, अशी त्याची रचना असते. काही दिवस तात्पुरत्या तारांवर चाचणी घेतात आणि दुखणे निम्म्याने तरी कमी झाले तरच यंत्र कायमचे बसवतात. मधुमेहाने पायाची आग होणाऱ्या काहींना त्याचा उपयोग होतो. कंबरदुखीत मात्र पुरावा लंगडा आहे. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेल्या 50 रुग्णांवर नॉर्वेत चाचणी झाली. यंत्र चालू असताना आणि गुपचूप बंद ठेवलेले असताना त्यांच्या त्रासात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असे 2022 मध्ये जाहीर झाले. पुढच्याच वर्षी 13 चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन अहवालानेही कंबरदुखीसाठी या उपचाराची बाजू घेतली नाही. यंत्राचा खर्च लाखांत जातो. त्यासाठी जमीन गहाण टाकायला निघालेल्याला हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवे.

दुखापतीची गोष्ट वेगळी, आणि जास्त रंजक. अमेरिकेतला बेसबॉलपटू रॉब समर्स 2006 मध्ये मोटारीच्या धडकेने छातीखाली लुळा झाला. 26 महिन्यांत सरावाची 170 सत्रे करूनही पाय हलेनात. मग 16 इलेक्ट्रोडची पट्टी बसवली आणि वीज चालू असताना तो स्वतःचे वजन पेलून उभा राहिला. आणखी सात महिन्यांच्या सरावाने पाय थोडेफार त्याच्या मर्जीने हलू लागले, तेही वीज चालू असेपर्यंतच. विजेने मज्जारज्जू जुळत नाही. दुखापतीखालचे शाबूत राहिलेले जाळे फक्त जागे होते. त्याला काम शिकवायचे ते सरावाने. हातांसाठी कातडीवरूनच वीज देणाऱ्या यंत्राची चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 60 रुग्णांपैकी 72 टक्के जणांच्या हातांची ताकद आणि काम दोन्ही सुधारले. तिथेही आधी दोन महिने नुसता व्यायाम होता, नंतरचे दोन महिने व्यायामाच्या जोडीला वीज.

म्हणजे बॅटरी विकत आणता येईल, पण सराव कुठे करणार?

महाराष्ट्राला सरावाचे महत्त्व परके नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. बॅटरी नव्हती, पण पाठीशी लष्कर होते. जायबंदी जवानांसाठी आजही पुण्याजवळ खडकीला वेगळे पुनर्वसन केंद्र आहे.

विहिरीत पडलेल्या मजुराच्या पाठीशी तसे कोण उभे राहते? शस्त्रक्रिया झाली की तो घरी येतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची नळी स्वच्छ ठेवायची, हे घरच्यांना नीट शिकवले नाही तर पाठीला जखमा होतात, लघवीत संसर्ग होतो आणि माणूस त्यानेच दगावतो. राज्यभरच्या फिजिओथेरपिस्टना पदवी देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे. तेव्हा जिल्हा रुग्णालयाच्या जोडीने मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी वीसेक खाटांचा पुनर्वसन विभाग मागणे अवाजवी नाही. रुग्णाला तिथे काही महिने ठेवायचे तर सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या रोजाचीही तरतूद लागेल. नाहीतर द्राक्षांची छाटणी सुरू झाली की सुरगाण्याचे कुटुंब आठव्या दिवशी रुग्णाला उचलून घरी नेईल.