यादीतील पहिले नाव

मेडशीसारख्या गावी अमेरिकेतील विद्यापीठांच्या चालीरीतींची चर्चा ओसरीवर व्हावी, हे एके काळी कोणास खरेही वाटले नसते. परंतु सन २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या परिचयाच्या एका घरी तो प्रसंग आला. धाकटा नातू अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरीत होता, आणि त्याच सुमारास अमेरिकेत शिकणाऱ्या थोरल्या नातीने कळविले की, आपण तेथील भगिनीमंडळात जाणार. आजीबाई चिंतेत पडल्या. "मास्तर, ही मंडळे कसली? आणि आमच्या मुलीला पसंत-नापसंत करणारी ती कोण?" असे त्यांनी आम्हांस विचारले.

तेथील विद्यार्थ्यांच्या मंडळांना ग्रीक अक्षरांची नावे असतात. सन १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालेल्या 'फाय बीटा कॅपा'पासून ही रीत पडली. मुलांची बंधुमंडळे बहुधा हव्या त्या विद्यार्थ्यास थेट निमंत्रण देतात. मुलींच्या मंडळांत मात्र क्रम ठरलेला असतो. मुली आधी सर्व मंडळांच्या घरी भेटी देतात. प्रत्येक फेरीनंतर मंडळे काही मुलींनाच पुन्हा बोलावतात. मुलीही काही घरे सोडून देतात. अखेरीस दोन-तीन घरे उरली की मुलगी ती पसंतीच्या क्रमाने लिहून खाली सही करते. मंडळेही मुलींची क्रमवार यादी देतात. प्रत्येक मंडळाच्या जागा ठरलेल्या असतात. दोन्ही याद्या ताडून जुळणी होते आणि नेमल्या दिवशी निमंत्रण हाती पडते. आमच्या स्वयंवरात एकटी दमयंती निवड करी. येथे माळ दोन्ही पक्षांच्या हाती असते.

यातील खरी मेख त्या सहीत आहे. लिहिलेल्या घराचे निमंत्रण येऊन ते नाकारले, तर त्या विद्यापीठातील दुसऱ्या मंडळात वर्षभर जाता येत नाही. मॉन्गेल व रॉथ या अर्थशास्त्रज्ञांनी सन १९९१ मध्ये या पद्धतीवर निबंध लिहिला. पुष्कळ मुली एकच नाव लिहितात, असे त्यांना आढळले. याच रॉथ यांना सन २०१२ मध्ये शॅप्ली यांच्यासह अशा जुळण्यांच्या अभ्यासाबद्दल अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. विशेष हे की, शॅप्ली व गेल यांच्या सन १९६२ च्या मूळ निबंधात कॉलेजचे प्रवेश आणि विवाह यांचा विचार एकत्रच केलेला आहे!

आता नातवाचा अर्ज पाहा. पूर्वी मोठ्या शहरांपुरता असलेला अकरावीचा केंद्रीय प्रवेश सन २०२५-२६ पासून साऱ्या महाराष्ट्रास लागू झाला. एक ते दहा महाविद्यालये क्रमाने लिहावयाची. गुणानुक्रमे यादीतील जे वरचे मिळेल ते पदरी पडते. परंतु पहिलेच मिळाले, तर तेथे प्रवेश घेणे भाग. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांत स्थान नाही. काकांचा आग्रह होता, "अकोल्याचे मोठे नाव वर लिही, मिळते कुठे!" मुलाच्या मनात मालेगाव होते. तेथून रोज घरी परतता येते, आणि आजोबांना रात्री उठवून बसविणारा घरात तोच आहे. त्याने हळूच विचारले, "काका, आणि मिळाले तर?" यावर ओसरीवर कोणी बोलले नाही. अखेर मालेगाव वर गेले.

नातीने दोन घरे लिहिली होती. पहिल्याने बोलावले नाही, दुसऱ्याने बोलावले. फोनवर ती थोडी रडली, पण त्या घरी गेली. कारण ते नावही तिने मनापासून लिहिले होते. "म्हणजे आमच्या पोरीत काही उणे नव्हते ना?" असे आजीबाईंनी पुन्हा पुन्हा विचारले. जागा मोजक्या असल्या म्हणजे चांगली मुलेही मागे राहतात, हे आम्ही त्यांस समजाविले.

वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे. अर्ज भरताना मुलांजवळ अवश्य बसावे, नियम वाचून दाखवावेत. परंतु जेथे मुलाला जावयाचेच नाही, ते नाव केवळ आपल्या हौसेखातर त्याच्या यादीत घालू नये. पुढे जावे लागते ते त्यालाच.