आयमस यांना कोणी उतरवले?

सकाळी मोटारीने कचेरी गाठणाऱ्या अमेरिकेत रेडिओचे सर्वांत महागडे तास पहाटे सहा ते दहा हेच. डॉन आयमस यांनी या तासांवर अनेक दशके हुकमत गाजवली. २७ डिसेंबर २०१९ रोजी, ७९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले तेव्हा मात्र त्यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीच्या जोडीने २००७ मधल्या एका वाक्याचीच उजळणी झाली.

४ एप्रिल २००७ रोजी, रटगर्स विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ अंतिम सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, आयमस यांनी या बहुतांश कृष्णवर्णीय खेळाडूंविषयी वर्ण आणि स्त्रीत्व या दोहोंचा अवमान करणारे शब्द वापरले. माफी मागूनही क्षोभ शमला नाही. ९ एप्रिलला सीबीएस रेडिओ आणि कार्यक्रम चित्रवाणीवर दाखवणाऱ्या एमएसएनबीसीने दोन आठवड्यांच्या निलंबनाची घोषणा केली. प्रकरण तेथेच मिटेल, असा व्यवस्थापनाचा कयास असावा. पण प्रॉक्टर अँड गॅम्बल, जनरल मोटर्स, अमेरिकन एक्स्प्रेस अशा बड्या जाहिरातदारांनी अंग काढून घेतले, खुद्द एनबीसीच्या कर्मचाऱ्यांतही असंतोष उफाळला. ११ तारखेला एमएसएनबीसीने कार्यक्रम बंद केला आणि १२ तारखेला सीबीएसने आयमस यांना बडतर्फ केले.

या तीन दिवसांत कायदा बदलला नव्हता. अमेरिकी नियामक आयोग लैंगिक अश्लीलतेवर कारवाई करू शकतो. वांशिक अवमान त्या व्याख्येत बसत नाही. आयमस यांची जीभही त्या दिवशी प्रथमच घसरली नव्हती. असभ्यपणा हेच त्यांचे भांडवल होते. जॉन केरी, जॉन मॅकेन यांच्यासारखे सिनेटर त्यांच्या कार्यक्रमात हजेरी लावत आणि या प्रतिष्ठेच्या आड बाकी सारे खपून जाई. १९९७ मध्ये 'टाइम'ने त्यांना अमेरिकेतील २५ प्रभावी व्यक्तींत स्थान दिले, तेव्हाही शैली हीच होती. त्यांच्या करारात तर कार्यक्रमाचे स्वरूप वादग्रस्त आणि बेपर्वा असल्याचे नमूद होते, याकडे त्यांच्या वकिलांनी बोट दाखवले. सीबीएसला ऑगस्ट २००७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड करावी लागली. जे विकण्यासाठी माणूस नेमला, तेच विकल्याबद्दल त्याला काढले, असा हा पेच होता.

पडून उठणे आयमस यांना नवे नव्हते. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीसीने त्यांना काढले. दारू आणि कोकेनच्या विळख्यात सापडलेला हा निवेदक क्लीव्हलँडला परतला आणि १९७९ मध्ये त्याच केंद्राने त्यांना पुन्हा बोलावले. उपचारांनंतर व्यसन सुटले आणि १९९३ पासून कार्यक्रम देशभर पोहोचला. ३ डिसेंबर २००७ रोजी, म्हणजे हकालपट्टीनंतर आठ महिन्यांच्या आत, ते डब्ल्यूएबीसीवर अवतरले. सोबत दोन कृष्णवर्णीय विनोदी कलावंत होते. श्रोते फारसे दुरावलेले नसल्याचे केंद्राने नेमके हेरले होते. मात्र राजकारण्यांच्या गर्दीने मिरवणारा पूर्वीचा दबदबा पुन्हा आला नाही. ज्यांचा अवमान झाला, त्या खेळाडूंची तर या पुनरागमनाच्या हिशेबात कुठेच नोंद नव्हती.

अखेरचा कार्यक्रम २९ मार्च २०१८ रोजी झाला. या वेळी कोणी निषेध केला नव्हता. डब्ल्यूएबीसीच्या मालक कंपनीने, क्युम्युलसने, चारच महिन्यांपूर्वी दिवाळखोरीसाठी अर्ज केलेला होता.