पूजेच्या चौरंगावरील संगणक



दिवाळीच्या चोपडीपूजनासाठी आमच्या कारखान्यात आता एकच लाल चोपडी उरली आहे. वडिलांच्या काळी रोजमेळ, खतावणी आणि उधारवही अशा तीन चोपड्या चौरंगावर मांडल्या जात. आता सारा हिशेब संगणकात असल्यामुळे चोपडीशेजारी लेखाविभागाचा संगणक ठेवतो, त्याच्या कडेला कुंकवाचे बोट लावतो आणि वर्ष शुभ जावे अशी प्रार्थना करतो. अंबरनाथ एमआयडीसीतील आपल्या अनेक बांधवांकडे हेच दृश्य मी पाहिले आहे. गेल्या दिवाळीपूर्वी मात्र त्या संगणकाला कुंकू लावावे की लावू नये, असा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

त्याचे असे झाले. धाकट्या भावाचा मुलगा शिक्षण संपवून नुकताच आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात लक्ष घालू लागला होता. विंडोज 10 या प्रणालीला सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या पुरवणे मायक्रोसॉफ्ट कंपनी 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबवणार होती, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या सुमारे आठवडाभर आधी. त्याची तयारी म्हणून क्षमावणीनंतरच्या आठवड्यात तो कार्यालयातील सहाही संगणक तपासायला बसला. संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "काका, सहांपैकी पाच यंत्रांतले विंडोज आपले नाही."

मी म्हणालो, "आपले नाही म्हणजे? संगणक रोख पैसे देऊन घेतलेत. बिले फाइलला आहेत."

त्याने फाइल समोर ठेवली. बिलात पडदा होता, कळफलक होता, छपाईयंत्र होते. विंडोजची ओळ कुठेच नव्हती. त्याने एक छोटी प्रणाली उघडून दाखवली, जिला ते लोक ॲक्टिव्हेटर म्हणतात. परवाना नसताना असल्याचे भासवणे एवढेच तिचे काम. ती पकडली जाऊ नये म्हणून विषाणूरोधक प्रणालीलाही 'इकडे पाहू नकोस' अशी सूचना देऊन ठेवलेली होती. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. "विंडोज, कोरल वगैरे सगळे टाकून द्या," असे फोनवर सांगणारा मीच होतो आणि 'टाकून द्या' या शब्दांत काय काय येते, हे न कळण्याइतका मी भोळा नव्हतो.

त्या रात्री तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढला. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेले असतात: स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार. चोराला प्रवृत्त करणे, त्याने आणलेली वस्तू स्वीकारणे, राज्याचे नियम मोडून व्यवहार करणे, वजनमापात लबाडी करणे, बनावट वस्तूचा व्यवहार करणे. आमचा वजनकाटा दरवर्षी तपासून शिक्का मारून घेतलेला असतो, तेवढा एक अतिचार वगळता उरलेले चारही माझ्या टेबलावर दिवसभर चालू होते. हे अतिचार सांगणाऱ्या आचार्यांनी संगणक पाहिला नव्हता, पण व्यापारी चांगला ओळखला होता.

आपल्या शेजारच्या उल्हासनगरच्या मालावरील 'मेड इन यूएसए' या शिक्क्याचा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या निर्वासितांनी तेथे शून्यातून केवढा उद्योग उभा केला, हे विसरून आपण हा विनोद पुन्हा पुन्हा सांगतो. त्यावर हसण्याचा अधिकार निदान मला तरी उरलेला नाही.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण 'घरगुती गोष्ट आहे, कोण पाहतो' असे आपल्यात सर्रास बोलले जाते. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63ब नुसार संगणकप्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कारावास आणि 50 हजारांपासून 2 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यापारी लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कारावास माफ करू शकते. म्हणजे ती सवलत कारखानदारासाठी नाही.

आणि धोका केवळ पोलिसांचा नाही. बेकायदा प्रतीत दुरुस्त्या बहुधा बंद करून ठेवलेल्या असतात, कारण दुरुस्ती आली की बिंग फुटण्याची भीती. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक प्रणालीने जगभर थैमान घातले, तेव्हा आपल्या न्हावा शेवा बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे कामही ठप्प झाले होते. विंडोजच्या ज्या त्रुटीचा तिने फायदा घेतला, तिची दुरुस्ती मार्च 2017 मध्येच उपलब्ध झाली होती. अर्थात परवाना म्हणजे काही मंतरलेला ताईत नव्हे. ती कीड मुळात पसरली ती युक्रेनमधील एका अधिकृत हिशेबप्रणालीच्या अद्ययावतीकरणातून, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आता मार्ग कोणते? पहिला, सहाही संगणकांसाठी परवाने विकत घेणे. पण विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षाचकती आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमची चार यंत्रे 2018 पूर्वीची, म्हणजे परवान्याबरोबर नवी यंत्रेही आली आणि धडधाकट यंत्रे भंगारात गेली. दुसरा मार्ग पुतण्याने सुचवला, तो लिनक्सचा. माझी पहिली प्रतिक्रिया व्यापाऱ्याला साजेशीच होती: फुकट मिळते त्यात काहीतरी खोट असणार.

वस्तुस्थिती तशी नाही. 1983 मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना मुक्तपणे वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली घडवण्याचा संकल्प जाहीर केला. 1991 मध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा ठरणारा लिनक्स लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो स्टॉलमन यांच्या परवान्याखाली खुला केला. त्या परवान्याची अट मोठी मार्मिक आहे: तुम्ही सुधारणा करून ती दुसऱ्याला द्याल, तर सुधारणेची मूळ लिखितेही द्यावी लागतील. घेतलेले ज्ञान कुलुपात घालून विकता येत नाही. आज जगातील सर्वांत वेगवान 500 महासंगणक याच गाभ्यावर चालतात आणि तुमच्या खिशातील अँड्रॉइड फोनही. आपल्याकडे सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय आवृत्ती केली, केरळच्या शाळांतील मुले बऱ्याच वर्षांपासून लिनक्सवर शिकतात आणि 2015 मध्ये केंद्र सरकारने मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. आपल्या महाराष्ट्रात मात्र संगणकशिक्षण म्हणजे एमएस-सीआयटी आणि एमएस-सीआयटी म्हणजे विंडोज व ऑफिस, असे समीकरण पक्के झाले. त्यामुळे कामाला येणारा प्रत्येक ऑपरेटर तेवढेच शिकून येतो.

येथे मला मूडबिद्रीची आठवण होते. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका आणि तिच्यासोबतचे सिद्धांतग्रंथ शतकानुशतके तेथील भांडारात ताडपत्रांवर जपलेले होते. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन मिळे, वाचन नाही. मुंबईचे शेठ माणिकचंद झवेरी आणि 'जैन बोधक'चे संस्थापक सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी खटपट करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू करवले. अट होती की नक्कल मूडबिद्रीबाहेर जाऊ नये. नक्कल करणाऱ्या शास्त्रींपैकी एकाने मात्र पत्नीच्या साहाय्याने आणखी एक प्रत गुपचूप तयार केली आणि ती या दोन शेठजींपुढे ठेवली. ज्या ग्रंथासाठी त्यांनी जिवाचे रान केले, तो ग्रंथ दारात आला होता. त्यांनी तो घेण्यास नकार दिला. पुढे ती प्रत सहारनपूरला गेली, तिच्यावरून आणखी नकला निघाल्या आणि त्या नकलांच्या आधारे प्रा. हिरालाल जैन यांनी 1939 पासून आपल्या अमरावतीहून धवलेचे खंड प्रकाशित केले.

हा प्रसंग मला अनेक वर्षे अस्वस्थ करतो. माझ्या कपाटात ते खंड आहेत आणि ते आहेत याचे एक कारण ती गुप्त प्रत आहे. शेठजींनी केले ते योग्य, असे मी म्हणतो आणि दुसऱ्याने केले त्याचे फळ मात्र मी खातो. ज्ञान कुलुपात राहू नये हे खरे, ते चोरून बाहेर काढू नये हेही खरे, आणि दोन्ही खरे असताना माणसाने काय करावे याचे चोख उत्तर मला सापडलेले नाही. पण संगणकाच्या बाबतीत हा पेच आपल्यावर येतच नाही. येथे ग्रंथकर्त्याने स्वतःच्या हाताने भांडाराचे दार उघडून ठेवले आहे. लिनक्सची नक्कल करणे म्हणजे दात्याने दिलेले घेणे. आपल्या चार दानांतील शास्त्रदानाच्या इतके जवळ जाणारे आधुनिक उदाहरण मला दुसरे माहीत नाही. मालकीची प्रणाली बनवणारा पापी ठरत नाही. आपण खोके विकतो, तो प्रणाली विकतो. आपल्या मालाचे पैसे मिळावेत अशी अपेक्षा आपण ठेवतो, मग त्याने का ठेवू नये? उघडे दार बाजूला असताना त्याच्या बंद दाराचे कुलूप फोडणे, एवढेच काय ते अक्षम्य.

प्रत्यक्ष बदल मात्र प्रवचनाइतका सोपा नव्हता. आमच्या हिशेबनीस बाई बदलापूरहून येतात, अठरा वर्षे आमच्याकडे आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितले, "शेठ, टॅली चालणार नसेल तर वीस तारखेचे जीएसटी रिटर्न तुम्हीच भरा." त्यांचे बरोबर होते. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, लिनक्सवर ती आडवाटेने चालवता येते, पण हिशेबाच्या यंत्रावर असले प्रयोग करू नयेत. तेव्हा त्यांचे यंत्र नवे घेतले, विंडोजचा परवाना रीतसर घेतला आणि बिलातील ती ओळ मी दोनदा वाचली. टॅलीचा परवाना आधीपासून होता. तो मात्र आम्ही का घेतला होता, तर टॅलीवाल्याची माणसे मदतीला येतात म्हणून. व्रत म्हणून नव्हे!

गेटवरचे, मालपाठवणीचे, प्रयोगशाळेचे आणि माझे, अशी चार यंत्रे लिनक्सवर गेली. ई-वे बिल काय, बँक काय, सारे ब्राउझरमधून होते, त्यामुळे तेथे अडचण आली नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनने दोन दिवस खाल्ले. जुन्या मराठी फॉन्टमधील पत्रे उघडली की नुसती रोमन अक्षरे दिसत. ती एकदाची युनिकोडमध्ये आणून घेतली, हे खरे तर दहा वर्षांपूर्वीच करायला हवे होते. सर्वांत मोठे विघ्न आमच्या किंमतपत्रकाचे. किती प्लायचा खोका, कागदाचे जीएसएम आणि बीएफ किती, रीळ किती रुंद, एवढे भरले की दर काढून देणारी एक्सेलची ही शीट कोणे एके काळी एका हुशार मुलाने बांधून दिली होती. तिच्यातील मॅक्रो लिबरऑफिसमध्ये जसेच्या तसे चालेनात. पुतण्याने तीन संध्याकाळी बसून ती नव्याने लिहिली. लिहिताना लक्षात आले की कडेच्या कात्रणाची घट ती गेली अनेक वर्षे कमी धरत होती. आत काय चालले आहे हे कोणी उघडून पाहिलेच नव्हते.

सगळे झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, भांडारातून पोथी वाचायला आणली की आपण पेटीत काही टाकतो ना?" मी मान डोलावली. वाचलेल्या परवान्यांच्या रकमेतून काही भाग लिबरऑफिस चालवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनला पाठवला. त्याहून चांगली गोष्ट अशी की, तिच्या मराठी आवृत्तीतील काही शब्द फार बोजड वाटल्याने तो रविवारी बसून त्यांना सोपे पर्याय सुचवत असतो. मलाही विचारतो. 'मार्जिन'ला 'समास' म्हणावे यावर आमचे एकमत झाले, 'फोल्डर'वर अजून झालेले नाही.

चौरंगावर या वेळी हिशेबनीस बाईंचा नवा संगणक होता आणि त्याच्या खाली परवान्याचे बिल. सहावे यंत्र मात्र पूजेत ठेवले नाही. ते आमच्या डिझाइनरचे. त्याचे विंडोज यंत्रासोबत विकत घेतलेले, सहांपैकी तेवढे एकच आमचे. पण आतील कोरलड्रॉ उसनवारीचे होते, ते काढून टाकले आहे. नवा परवाना मार्चनंतर घेण्याचे ठरले आहे, तोवर तो इंकस्केप या मुक्त प्रणालीवर काम करतो. नवी चित्रे त्यावर उत्तम होतात. ग्राहकांकडून येणाऱ्या सीडीआर फाइल मात्र नीट उघडत नाहीत, मग तो ग्राहकाला फोन करून पीडीएफ मागतो. परवा एका जुन्या ग्राहकाने विचारले, "शेठ, तुमच्याकडे कोरलसुद्धा नाही?" मी म्हटले, "नाही. मार्चनंतर घेतो." पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते हळूच म्हणाले, "आमच्याकडचे कुठले आहे, ते बघायला सांगतो."